सरळ रेषेतल्या भेगा

२३ ऑक्टोबर, मंगळवार, दुपार

धाकट्या,

मजेत असशील असं धरून चालते. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. बाबांचा उजवा हात हल्ली थरथरतो. चहाचा कप डाव्या हाताने धरतात, आणि मी बघतेय असं दिसलं की मुद्दाम उजव्याने. बोटी दुरुस्तीच्या शेडचं मागचं छप्पर बदललं. सुताराने तुझी चौकशी केली. तो दर वेळी करतो आणि मी दर वेळी 'बरा आहे' म्हणते. ते खरं की खोटं, मलाच ठाऊक नसतं.

पत्ता तुझ्या बायकोने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मीच गळ घातली. फोनवर भावजयीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. मागे कुणी लहान मूल गाणं म्हणत होतं, एकच ओळ पुन्हा पुन्हा. 'कोण गं?' एवढं ओठांवर आलं आणि तसंच परत गेलं.

बरं, कामाचं सांगते. आपली बोट अजून आहे. शाळेतले पोहण्याचे सर ती मागायला आले, मुलांना बोट चालवायला शिकवायचंय म्हणून. बाबा चक्क तयार झाले. म्हणाले, "पडून सडण्यापेक्षा पोरांच्या कामी येऊ दे. फक्त पुढच्या त्या भेगा नीट बुजव."

त्या भेगा तू विसरला नसशीलच. त्या दिवशी धक्क्यावर बाबांनी दहा माणसांसमोर तुला खोटारडा म्हटलं. बोट खडकावर घातलीस आणि वर कबूल करत नाहीस, म्हणाले. तू एकच वाक्य बोललास, "मी खडकाजवळ गेलोच नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी गादी गुंडाळलेली होती. त्याला आता अकरा वर्षं झाली.

तेव्हापासून मी दरवर्षी त्या भेगांवर वरवर पुट्टी भरायचे, घासायचे, पॉलिश मारायचे. आठ-दहा महिन्यांत भेगा पुन्हा जागच्या जागी. या वेळी मात्र शाईचा बोळा फिरवून पुसून घेतलं. भेगांत शाई उतरली आणि सगळ्या स्पष्ट दिसल्या. आपटल्याची भेग कशी असते, हे बाबांनी आपल्याला एकाच दिवशी शिकवलं होतं, आठवतं? मार बसलेल्या जागेपासून चांदणीसारखी चहूकडे फुटते. या सात होत्या आणि सातही एकमेकींशेजारी, सरळ. आतून धरून ठेवणारं काही नसलं, की लाटेवर बोटीचं अंग लवत राहतं आणि फायबरवरचा जेलकोटचा चकचकीत थर असा तडकतो.

बाबा स्टुलावर बसून होते. त्यांना आता एवढं बारीक दिसत नाही.

"चांदणी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

अकरा वर्षांनी पुन्हा तेच केलं मी, बघ.

दुसऱ्या दिवशी सर माप घ्यायला आले. मी जेलकोटमध्ये तो घट्ट करणारं हार्डनर घालून ढवळत होते. सर सांगत होते, एका वेळी आठ मुलं बसतील. सगळ्यात लहान मुलगी सात वर्षांची आहे, तिला पाण्याची भीती वाटते, म्हणून तिला अगदी पुढे बसवणार. म्हणजे बरोबर त्या भेगांवर. माझ्या हातातली वाटी गरम व्हायला लागली होती. मी ती खाली ठेवली. आतलं सगळं दगड होऊन गेलं, पण मी हात लावला नाही. सर गेल्यावर मी बाबांसमोर जाऊन बसले.

त्यांना जे सांगितलं तेच तुला लिहिते. तू बोट नेलीस त्याच्या पंधरा दिवस आधी बाबा बाहेरगावी होते. इंधनाची मोठी टाकी बसवायची म्हणून मी बोटीच्या आतला पुढचा आडवा आधार कापला. नवा आधार नंतर घालू म्हटलं, वरून फळी लावली, आणि राहिलं ते राहिलंच. टाकी बघून बाबांनी माझी पाठ थोपटली होती. त्यांनी कधी कुणाची पाठ थोपटली असेल तर तेवढीच. धक्क्यावर ते तुझ्यावर ओरडत होते, तेव्हा मला शंका आली होती, असं मी आधी लिहिणार होते. नाही रे. मला कळलं होतं.

 बाबांनी बोटीत चढवायला सांगितलं, मग ते गुडघ्यांवर बसले, फळीखाली हात घातला आणि कापलेली कड बोटांनी चाचपत राहिले.

"कापलंय मात्र सरळ," ते म्हणाले.

मग हात बाहेर काढून, "चाळीस वर्षं लोकांच्या बोटींत आत शिरून बघितलं. त्या दिवशी आपल्या बोटीत वाकलो नाही. राग आला होता ना." आणि मग, "तो खरं बोलत होता."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

"हो."

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, पाणीसुद्धा मागायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या चार दिवसांत मी नवा आधार घातला, फायबरच्या कापडाचे थर देऊन पक्का केला. मग एकेक भेग खरवडून मोकळी केली, जेलकोट भरला, वाळल्यावर ओल्या सँडपेपरने घासायला बसले. घासताना समोरच्या बाजूला तू असायचास. दोन टोकांकडून सुरुवात करायची आणि मधे आधी पोचेल त्याने दुसऱ्याच्या तोंडावर पाणी उडवायचं. मी एकटीच घासत मधोमध आले आणि उगाच थांबले. हात पुढे जाईना.

पाचव्या दिवशी बाबा आपण होऊन शेडमध्ये आले. "पांढरा फार नवा दिसतोय," म्हणाले, आणि शेवटच्या हातासाठीच्या जेलकोटमध्ये डाव्या हाताने पिवळ्या रंगाचा एकेक थेंब घालत बसले. तरी उन्हात ठिगळ ओळखू येतंच.

रविवारी बोट पाण्यात उतरली. धक्क्यावर सुतार होता, सर होते, मुलांचे आईबाप होते. बाबा एकदम मोठ्यांदा म्हणाले, "माझा मुलगा खडकाजवळ गेला नव्हता." लोकांना काहीच कळेना. सर आपले "बरं, बरं" म्हणाले. सुताराने मात्र माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली नाही.

बाबा म्हणाले, पत्र तू लिही, हात चालत नाही. खरं कारण ते नाही, तुलाही कळेल. काल त्यांनी मला विचारलं, त्याला आता दाढी असेल का. 

माफी मागून ती अकरा वर्षं परत येणार नाहीत, तरी मागते. तू ये, असं म्हणायला मला तोंड नाही. तेही म्हणते. ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण बाबांना एकदा भेट. मी तेवढा वेळ शेडमध्ये बसेन.

जिने त्या दिवशी बोलायला हवं होतं, ती
तुझी ताई