सातला गोल

येरवडा, पुणे
९ फेब्रुवारी १९९९

चि. उल्का हिस, अनेक आशीर्वाद. ते अजून चालू आहेत.

गाव एकच असून पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस.

रविवारी तुमच्या मानसशास्त्राच्या प्रयोगाला श्रोते कमी पडत होते, म्हणून तू मला नेलंस. तुझ्या मॅडमनी आम्हाला आधीच बजावलं, की वक्ता चिठ्ठीत निघेल त्या बाजूने बोलेल, त्याच्या स्वतःच्या मताचा संबंध नाही. एक मुलगा आला नाही, म्हणून तू उभी राहिलीस. चिठ्ठी माझ्यासमोर उचललीस, त्याबद्दल वाद नाही. संगणक आले आहेत, तर पन्नाशी उलटलेल्यांनी आपणहून जागा सोडावी, असं तीत होतं. तू बोललीस, आणि छान बोललीस.

मग कागद वाटले. वक्त्याचं खरं मत काय, एक ते सातपैकी आकड्याला गोल करा; सात म्हणजे बोलला ते सगळं त्याच्या मनातलं. मी सातला केला. मॅडम म्हणाल्या, बहुतेकांनी असंच केलं. माणूस चिठ्ठी विसरतो आणि शब्दांवरून मन ठरवतो. मी काही विसरलो नाही. चिठ्ठीने तुला बाजू दिली होती. पेन्सिलीचं टोक काचकागदावर अर्धा अर्धा तास घासत बसणारा म्हातारा चिठ्ठीत नव्हता. तो तू घरून आणलास. लोक हसले. मी दुसऱ्या रांगेत होतो.

कुठल्याही कॉलेजात न जाता मी ड्रॉइंग शिकलो आणि कारखान्याच्या बोर्डावर जन्म काढला. टोकाला अर्धा तास लागत नाही. चार मिनिटं लागतात.

पंधरा मार्चला तुझ्या आणि साईनाथच्या नोंदणी लग्नात साक्षीदाराची सही करायला दुसरं कोणी पाहा. तुझे बाबा गेल्यावर तो मान माझा, असं तूच म्हणाली होतीस. पण पन्नाशीच्या माणसाने जागा सोडावी ना? सोडली.

लोभ असावा, असं शेवटी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. त्यावरून काही समजू नकोस.

ज्ञानदेव

*

कर्वेनगर
१२ फेब्रुवारी

ती. काकांस, साष्टांग नमस्कार. तेही अजून चालू आहेत.

चार मिनिटं, मान्य. भाषणाच्या तयारीला मला दहा मिळाली. तेवढ्यात माणूस ओळखीचंच काहीतरी उचलतो. ड्रॉइंग काढणारा माणूस मला एकच माहीत आहे आणि त्याच्या पेन्सिलीकडे बघत मी मोठी झाले. उलटी चिठ्ठी निघाली असती, तर हीच पेन्सिल कौतुकाला वापरली असती. तुम्हाला हे कळतं. समजून घ्यायचं नाही, एवढंच.

आणि जागा सोडण्याचं म्हणाल, तर डिसेंबरात तुमच्या ड्रॉइंग ऑफिसातली माणसं गेटवर बसली होती, निवृत्तीच्या कागदावर सह्या देणार नाही म्हणून. तुम्ही पहिल्याच दिवशी स्वेच्छानिवृत्ती लिहून दिलीत. 'मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय.' काकूने मला नक्कल दाखवली. अक्षर नेहमीसारखं सुरेख. मी नुसतं भाषण केलं. तुम्ही जागा खरोखर सोडलीत, आणि जयसिंगकाकांना उन्हात बसवून सोडलीत. मग राग माझ्यावर का?

साईनाथचा एक मित्र सही करायला तयार आहे. तरी तुमची जागा मी अजून कोरी ठेवली आहे.

आपला लोभ सातपैकी किती, ते कळवावं.

उल्का

*

येरवडा
१६ फेब्रुवारी

चि. उल्का हिस, आशीर्वाद गृहीत धर.

'स्वखुशीने.' बरं.

कंपनीचे अधिकारी समोर बसून मजकूर सांगत होते आणि मी लिहीत होतो. म्हणाले, लिहिणार नसाल तर सोमवारी बदलीवर सिल्वासाच्या गोदामात हजर व्हा. तुझ्या काकूला गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं होतं. त्यांच्या मजकुरात तीन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. ओळी सरळ आल्या, कारण माझ्या हातून वाकड्या येत नाहीत. तेवढ्यावरून तुला तो माझ्या मनातला वाटला.

परवा बाजारात जयसिंग दिसला. पंचवीस वर्षं शेजारच्या बोर्डावरचा माणूस. मला बघून वांगी निवडायला लागला. त्याला मी बोल लावत नाही. त्याने मानसशास्त्र घेतलेलं नाही. तू घेतलं आहेस.

माझी ती नक्कल वाचल्यावर तुझ्या मॅडमनी तुझ्यापुढे कागद ठेवला असता, तर तू कोणत्या आकड्याला गोल केला असतास? एवढंच कळव. बाकी मजकूर नको.

ज्ञानदेव

*

कर्वेनगर
२० फेब्रुवारी

ती. काकांस, सा. न.

सातला.

बाकी मजकूर नको म्हणालात, तरी लिहिते. हे कोणी लिहायला लावलं का, असं काकूला विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. आणि दिवसभर माझं काम तेच. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, हे शिकवणाऱ्यांचंही चुकतं. मला हसू आलं नाही.

पेन्सिलीबद्दल माफी मागत नाही. मागितली, तर पद्धत म्हणून मागितली म्हणाल.

जागा कोरीच आहे.

उल्का

*

येरवडा
२४ फेब्रुवारी

चि. उल्का हिस, अ. आ.

माझा सात मी खोडत नाही. खाडाखोड केलेला कागद मी आयुष्यात कोणाच्या हातात दिलेला नाही. तूही तुझा खोडू नकोस. राहू देत दोन्ही.

पंधरा तारखेला साडेदहाला येतो. काकू येणार म्हणते. खुर्चीत बसवून तिला खाली उतरवायला दोन माणसं लागतील. साईनाथच्या त्या मित्राला पाठव, म्हणजे त्यालाही काहीतरी काम होईल. आणि मी आलो म्हणून मला संगणक पटले असं समजू नकोस.

पेन माझं आणीन. सरकारी कचेरीतलं दोरीला बांधलेलं पेन गळतं. आणि तिथल्या साहेबांनी विचारलं, की सही स्वखुशीने करताय ना, तर उत्तर मी देईन. तू मध्ये बोलू नकोस.

लोभ असावा. या वेळी पद्धत म्हणून लिहिलेलं नाही.

ज्ञानदेव