पंगतीतली पहिली जागा

३ नोव्हेंबर
मॉलम्याईन शहराच्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आजपासून कामाला लागले. आईला सोडून पहिल्यांदाच लांब आले, पण मन रमलं. मुख्य बाई, दॉ मिंट, बोलायला गोड आहेत. अंघोळी घालायच्या, नखं कापायची, भरवायचं, एवढंच काम. माझ्या गालांवरचा तनाख्याच्या सालीचा पांढुरका लेप पाहून इथल्या खिन म्या आजींनी विचारलं, भिंतीला लावून उरलेला चुना तोंडाला फासलास का गं? हसून हसून पोट दुखलं.

जेवण रोज दात्यांकडून येतं. ज्याचा वाढदिवस तो आश्रमाला जेवू घालतो, आणि जेवण झालं की सगळी म्हातारी माणसं त्याला दीर्घायुष्याचा आशीर्वाद देतात. रीत मला फार आवडली.

६ नोव्हेंबर
आजचा दाता भातगिरणीचा मालक. दोघांच्या खांद्यांवर भार टाकून आला आणि आशीर्वाद घेऊन जिना एकटा उतरला. पंगतीत पहिले बसलेले आजोबा मात्र दुपारी चमचाही उचलू शकले नाहीत. वय झालंय त्यांचं, दॉ मिंट म्हणाल्या. असेल.

९ नोव्हेंबर
ते आजोबा गेले. त्यांच्यानंतर पहिल्या जागेवर बसलेल्या आजीही गेल्या. खिन म्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, "खाल्ल्या अन्नाला जागावं लागतं, पोरी. आमच्याकडे द्यायला उरलंय काय? उरलेले दिवस. तेच देतो."

उद्या पहिली जागा त्यांची आहे. त्यांना वगळा म्हणून दॉ मिंटच्या पाया पडले. त्या शांतपणे म्हणाल्या, की जागा रिकामी दिसली तर दाते येणार नाहीत, मग चूल कशी पेटायची? मला भयंकर राग आला. म्हटलं, मी बसते. धडधाकट आहे, माझे चार दिवस गेले तर काय बिघडतं?

१० नोव्हेंबर
बसले. जेवले. घास गिळला आणि तोंड आपोआप आशीर्वाद देऊ लागलं. थांबवता येईना. संध्याकाळी पाण्याची बादली उचलवली नाही.

१३ नोव्हेंबर
तरुण तोंडचा आशीर्वाद जास्त फळतो म्हणे. दाते आता मलाच मागतात. आज भाताच्या घासात दात आला. माझाच. पळून जायचं ठरवलं, पण फाटकापर्यंतही चालवेना—

१७ नोव्हेंबर
खिन म्या आजी गेल्या. दाते वाढले म्हणून त्यांनाही माझ्या शेजारी बसवलं होतं. मग मी वाचवलं कुणाला? त्यांची खाट मला दिली आहे. नवी मुलगी मला आजी म्हणते—

२० नोव्हेंबर
आई आली आहे. दॉ मिंटनं तिला सांगितलं, पोरगी काम सोडून थायलंडला गेली. आई रडली. मग माझ्याच खाटेशी गुडघे टेकून म्हणाली, आजी, आज माझ्या हातचं खा आणि आशीर्वाद द्या, पोर परत येईपर्यंत मला जगू द्या—

आवाज फुटत नाही. ती भात कालवायला गेली आहे. तेवढ्यात लिहिते. आई, भरवू नकोस. मीच तुझी—