अस्तराला नसलेलं भोक

प्रिय ठके,

तुझा चिरंजीव तुला सांगेल की आजीला भेटलो, आजी मजेत आहे. आजी मजेत नाही. सकाळपासून चहा टाकते आणि उतू घालवते. फोनकडे हात जातो आणि परत येतो, कारण हल्ली आपण दोघी बोलत असताना तिसरं कुणीतरी श्वास घेतंय असं मला वाटतं. म्हातारीचे भास म्हण हवं तर. मला कुणी भित्री म्हटलेलं तुला आठवतं का? आगाऊ म्हटलं, तोंडाळ म्हटलं, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर तर मला रोज प्रार्थनेत आठवायच्या, त्यांच्याच मनःशांतीसाठी. पण भित्री कुणी म्हटलं नाही. आज दाराला कडी घालून वर खुर्ची लावून बसले आहे.

संग्रहालयातला सेनापतींचा कोट तुला पाठ आहे. लहानपणी सुट्टीत माझ्याबरोबर कामावर यायचीस आणि त्या काचेला नाक लावून उभी राहायचीस. डाव्या छातीवरचं ते भोक. पूल राखताना लागलेली गोळी. त्या एवढ्याशा भोकावर या देशात काय काय उभं केलंय बघ. नोटेवरचं चित्र, शाळेतली प्रतिज्ञा, निम्म्या चौकांची नावं, आणि आपण कोण या प्रश्नाचं उत्तरसुद्धा. त्या युद्धाआधी आपण नुसते एकमेकांच्या उरावर बसणारे लोक होतो. युद्धानंतर एकदम देश झालो, आणि देशाला दाखवायला एक छाती लागते, ती या कोटानं पुरवली.

मी वस्त्रविभागाची प्रमुख झाले तेव्हा साफसफाईसाठी तो पुतळ्यावरून उतरवला, बटणं काढली आणि आत हात घातला. अस्तर धड होतं. वर लोकरीला भोक, आणि बरोबर त्याच्यामागे सुती अस्तर जसंच्या तसं, एक धागा तुटलेला नाही. अशी गोळी जगात एकच असते, ठके. तिला कसर म्हणतात. ही अळी लोकर खाते, सुताला तोंड लावत नाही. सेनापती गोळीनंच गेले असतील, मी काही तिथे नव्हते. पण हा कोट अंगात असताना नाही. हे मी संचालकांना त्याच दिवशी तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "बाई, बटणं लावून ठेवा. सेनापतींना थंडी वाजेल." सगळी खोली हसली, मीही हसले. तेव्हा शांतता होती. शांततेत अशा गोष्टींवर हसता येतं.

आता पुन्हा त्याच नदीवर, त्याच पुलासाठी सुरू झालंय, आणि पोरं कमी पडतायत. म्हणून हा कोट गाडीवर चढवून गावोगाव फिरवायचा ठरलाय. काचेची उंच पेटी, आत कोट उघडा टांगलेला, छातीच्या आतल्या बाजूला दिवा. म्हणजे भोकातून उजेडाचा किरण बाहेर येईल, पोरं तो बघतील आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन सही करतील. कल्पना मंत्र्यांची. चाचणीच्या दिवशी सगळे साहेब गोळा झाले, दिवा लागला आणि भोक काळं ते काळंच. किरणच येईना! अस्तर मध्ये उभं. इतक्या वर्षांत त्या संग्रहालयात खरं बोलायला तेवढं अस्तरच शिल्लक राहिलं होतं.

आणि मग आज सकाळीच माझ्या दारात गणवेश घातलेला तुझा चिरंजीव. तू म्हणाली होतीस की तो अजून विचार करतोय. विचार झाला, ठके. भरती होऊन मोकळा झालाय. कान बाहेर आलेत, केस इतके कापलेत. त्याच्यामागे एक मेजर. चिरंजीवांनीच त्याला अभिमानानं सांगितलं होतं की तो कोट माझ्या आजीशिवाय कुणाच्या हाताला ऐकत नाही. मेजर गोड माणूस. चहाची तारीफ केली, मला आजी म्हणाला. मी म्हटलं, "मला नातू एकच आहे, तुम्ही बाई म्हणा." तो हसला, आणि चिरंजीवांना म्हणाला, "जा रे, खाली गाडीपाशी थांब."

मग त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. अस्तराला भोक पाडायचं, कडा जळल्यासारख्या करायच्या, जुनं दिसलं पाहिजे, आणि हे उद्या सकाळी, संग्रहालयातल्या माझ्या जुन्या टेबलावर. मी म्हटलं, भोक पाडायला शिंप्याकडे जा. तो म्हणाला, "बाई, कोटाबरोबर पहारा लागतो. पहाऱ्याची पोरं वर्षभर कोटामागेच फिरतील, पुलाकडे जाणार नाहीत. एक जागा आहे." कप बशीत ठेवला आणि पुढे म्हणाला, "नाहीतर त्याची तुकडी सोमवारी निघते." खिडकीतून दिसत होतं, खाली तुझा मुलगा त्या गाडीचा आरसा बाहीनं पुसत होता.

मी उद्या जाणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. हो म्हणालीस तर तुलाही ते ओझं होईल, आणि नाही म्हणालीस तरी मी ऐकणार नाही. माझ्या हातचं ते भोक खऱ्याहून खरं दिसेल आणि किरण सुरेख येईल. त्या किरणाला भुलून कुणाकुणाची पोरं सही करतील याचा विचार मी आज दुपारपासून करत नाहीये, म्हणजे दुसरं काही करत नाहीये. तुझा मुलगा पुलावर गेला नाही म्हणून चिडून घरी येईल, त्याला कधी काही कळू देऊ नकोस. पण आणखी एक आहे. तुझ्या शेजारणीचा थोरला त्याच्याच तुकडीत आहे. ती जागा एकच होती. सोमवारनंतर ती रोज तुझ्या दारात येईल, काही कळलं का विचारायला, तुझ्याच गळ्यात पडून रडेल. तेव्हा तुझा चेहरा सांभाळ. मला माझा सांभाळता येणार नाही, म्हणून तिकडे न येता हे लिहिते आहे.

तुझीच, आणि आता फक्त तुझीच,
आई