लाल शाईची तीन पानं

मी, प्रेमराज नवल बोरसे, वय ५३, राहणार देवपूर, धुळे, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात परिचर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना, स्वहस्ते लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेलो नाही. नोंद वेळेवर झालेली बरी.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी दिपमाला हिला. मुलगी शीतल हिला विचारूनच लिहिलं आहे.

२. मी दहावी पास. संगणक पुस्तकं वाचून शिकलो. नियतकालिक बंद पडलं तरी आमच्या प्राध्यापकांचे शोधनिबंध टिकावेत, कोणालाही फुकट वाचता यावेत, म्हणून लेखकांनी आपली प्रत स्वतः चढवायचा संगणकावरचा संग्रह मी उभारला. आजअखेर निबंध २,१४६. त्याच्या दोन हार्ड डिस्क ग्रंथालयाला. त्या लिपिक जीवराम यांच्या टेबलाजवळ ठेवू नयेत. मोबाईल चार्ज करायला त्यांनी सर्व्हरचा प्लग दोनदा काढला आहे. घरातली तिसरी डिस्क वनस्पतिशास्त्राच्या हेमलता पावरा मॅडम यांना. सगळ्या प्रती एका इमारतीत नसाव्यात.

३. हे कलम लिहायला चार दिवस लागले.

हेमलता मॅडमचा निबंध होता सातपुड्यातल्या एकेचाळीस रानभाज्यांवर. कोणती कधी उगवते, कोणत्या भाजीचं पाणी किती वेळा उकळून टाकायचं, सगळं त्यांच्या आत्या दिवालीबाई यांनी सांगितलेलं. म्हणून लेखकांत आत्याचंही नाव.

त्या तो संग्रहात चढवत असताना मी म्हणालो, "दुसऱ्या लेखकाचा ईमेल रिकामा आहे."

"नाना, आत्याकडे साधा फोनसुद्धा नाही हो. नाव काढू का तिचं?"

"काढा, नाहीतर रकाना भरा. नियम सगळ्यांना सारखा."

त्यांनी नाव काढलं नाही. अपुऱ्या नोंदी दर ३१ मार्चला पुसायच्या, हा नियमही माझाच. मी ती निबंधासकट, सगळ्या डिस्कवरून पुसली.

पुढच्या वर्षी त्या नियतकालिकाची वेबसाइट बंद झाली. मॅडमचा लॅपटॉप जळाला. दिवालीबाई वारल्या. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "नाना, तुमच्याकडे असेलच." मी म्हणालो, शोधतो. दोन वर्षं तेच सांगतो आहे.

खरं फक्त दिपमालाला सांगितलं. ती म्हणाली, "बठ्ठं जपी ठेवतस तुम्ही, आन् तेच कसं गयं?" सगळं जपणाऱ्याकडून तेच गेलं होतं.

४. निबंधाची छापील प्रत मी तपासली होती. त्यातली तीन पानं माझ्या फाइलीत सापडली. त्यांवर लाल शाईने चुका काढल्या होत्या, म्हणून राहिली. बिनचूक पानं मी पाठकोऱ्या कागदांत टाकली. मागे याद्या लिहिल्या, रद्दीत गेली. नऊ भाज्या उरल्या, बत्तीस गेल्या.

मॅडमची परवानगी असल्यास ही पानं लाल शाईसकट संग्रहात चढवावीत. पहिलं नाव दिवालीबाईंचं. ईमेलची सक्ती मी आज काढली आहे. रकाना रिकामा ठेवून नोंद पूर्ण समजावी.

५. मी वाचलो, तर पानांचं पाकीट मीच मॅडमना नेऊन द्यायचं आहे. दिपमालाने मला टाळाटाळ करू देऊ नये.

साक्षीदार :
१. जीवराम सुकलाल महाजन (प्लगचा मजकूर वाचला. एकदाच काढला होता.)
२. कुंदाबाई वना सोनवणे, शेजारी

सही : प्रेमराज नवल बोरसे
ठिकाण : धुळे
दिनांक : ३१ मार्च २०२६. आज काहीही पुसलेलं नाही.