यादीतले सव्विसावे नाव

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना स्मरून. मी, निकिफोरोस, कै. वासिलीचा मुलगा, वय त्रेसष्ट, धंदा दुभाष्याचा, राहणार ट्रेबिझोंड, बंदराच्या दरवाजाजवळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वहस्ते लिहीत आहे. अशा कागदात 'निर्भय मनाने' असे लिहिण्याची रीत आहे. ते शब्द मी गाळले आहेत. तीन दिवस दारावर थाप पडली की मी मागल्या अंगणात जाऊन उभा राहतो. पण भ्यालेला माणूस म्हणजे वेडा माणूस नव्हे, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

पूर्वी अशा कागदावर गादीवरच्या सम्राटाचे नाव घालावे लागे. अडीचशे वर्षांची आमची गादी गेल्या महिन्यात एका सकाळी, किल्ल्या सुलतानाच्या हाती देऊन संपली. नवे नाव घालायला मन घेत नाही आणि जुने घातले तर मान जाईल. ती जागा कोरी सोडली आहे.

कलम पहिले. माझे राहते घर, मागल्या अंगणासह, शेजारच्या लिओन्टी तांबटाची आई किर्याकीमावशी हिला द्यावे. तिचे घर शिपायांनी बळकावले असून ती चर्चच्या ओसरीवर निजते. आमच्या दोन घरांमधल्या भिंतीसाठी लिओन्टी आणि मी चार वर्षे कचेरीत भांडलो. भिंत त्याची होती. मला तेव्हाही ठाऊक होते.

कलम दुसरे, लिओन्टीबद्दल. अकरा वर्षांपूर्वी त्याने मला भरबाजारात 'दोन जिभांचा' म्हटले आणि लोक हसले. ते मी मनात ठेवले. आता काय घडले ते लिहितो.

नव्या अधिकाऱ्याने चाळीस कारागिरांची कुटुंबे सुलतानाच्या राजधानीत वस्तीला न्यायचे ठरवले. यादी त्यांच्या लिपीत होती. चौकात ती आमच्या भाषेत वाचून दाखवण्याचे काम माझे. शिपाई फक्त आकडा मोजत होते. सव्विसावे नाव माझ्या जावयाचे होते: स्टावरास, शिडे शिवणारा, बायकोसह. माझ्या लेकीला, थेक्लाला, सातवा महिना आहे. समुद्र खवळलेला. माझ्या तोंडून निघाले, "लिओन्टी तांबट, बायको आणि मुलींसह."

लिओन्टी गर्दीतून पुढे आला. "निकिफोरा, नीट वाच रे. तांबटांना नेणार नाहीत असं कालच सांगितलं त्यांनी."

मी म्हणालो, "लिहिलंय तेच वाचतोय."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. दोन जिभांचा म्हणणाऱ्याने! बायकोमुलींना घेऊन तो बंदरावरच्या वखारीत गेला. ती चाळीस कुटुंबे तिथे कोंडलेली आहेत. वारा फिरला की जहाज सुटेल.

म्हाताऱ्यांना नेत नाहीत, म्हणून किर्याकीमावशी मागे राहिली. ती रोज सकाळी माझ्या दारी येते. काल ओच्यातून सुके अंजीर आणले होते.

"लेकरा, तुला त्यांची भाषा येते. एक शब्द टाक ना माझ्या लिओन्टीसाठी. तो तोंडाचा फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही."

मी म्हटले, "बघतो, मावशी." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात अजून डोक्यावर आहे असे वाटते.

ती गेल्यावर मी थेक्लाला सगळे सांगितले. वाटले होते रडेल. तिने कणीक मळून संपवली. मग म्हणाली, "बाबा, पाण्याला जाताना त्या म्हातारीसमोरून जावं लागतं मला. ती विचारते, बाळ हलतं का गं. उद्या तिला काय सांगू?"

"बोटीवर तुझं काही झालं तर?"

"होईल ते होईल. तुम्ही जा आणि खरं सांगा."

म्हणून आज दुपारी मी अधिकाऱ्याकडे जाणार आहे. सरकारी कागद खोटा वाचणाऱ्याची जीभ कापतात. गेल्या आठवड्यात मासळीबाजारातल्या एका हिशेबनिसाची कापली, तो निवाडा लोकांना मीच ऐकवला होता.

कलम तिसरे. माझी शब्दांची वही थेक्लाला. तिकडे बाजारहाट तिलाच करावा लागेल. भाज्या आणि मासे बाराव्या पानावर आहेत. 'दया करा' पहिल्या पानावर आहे. चौतीस वर्षे ते वाक्य मी दुसऱ्यांसाठी बोललो. आज सकाळपासून ते एकट्याने घोकतो आहे आणि दर वेळी मध्येच अडखळतो.

लांब लोकरी कोट स्टावरासला. हा जावई मला कधी आवडला नाही, तोंडात घास असताना बोलतो. पण काल सगळे ऐकून तो इतकेच म्हणाला, "मामंजी, मी येतो तुमच्याबरोबर." मी नको म्हटले.

माझे प्रेत, जीभ असो वा नसो, बायकोशेजारी पुरावे. आणखी काही सुचत नाही.

ठिकाण ट्रेबिझोंड. जगाच्या उत्पत्तीपासूनचे वर्ष ६९७०, सप्टेंबरची एकोणीस तारीख.

सही: निकिफोरोस

साक्षीदार: झाखारी, भटारी. हा कागद माझ्यासमोर लिहिला. लिहिणारा शुद्धीवर होता. त्याला पाणी मी पाजले.

साक्षीदार: फादर ग्रिगोरी. दुपारी मी निकिफोरोसबरोबर गेलो, म्हणून पुढचे लिहून ठेवणे माझे काम. अधिकाऱ्याने सर्व ऐकून घेतले. त्याला राजधानीत दुभाषी हवा होता, म्हणून जीभ वाचली. चौकात लोकांसमोर निकिफोरोसला सव्विसावे नाव पुन्हा, खरे, वाचायला लावले आणि त्यालाही यादीत घातले. लिओन्टीची वखारीतून सुटका झाली. तो चालत निकिफोरोसपर्यंत आला. मला वाटले मारतो. पण थेक्लाच्या हातातले गाठोडे त्याने काढून घेतले, खांद्यावर टाकले आणि जहाजाच्या फळीपर्यंत तिच्या पुढे चालत गेला.