फुलाफुलांची खोळ

शनिवार, ९ नोव्हेंबर

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघंही ठणठणीत. तुझ्या दाजींचा गुडघा कुरकुरतो, पण तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटल्यावर तो कुरकुरणारच. मोठ्या शाळेच्या गणवेशांचं काम यंदाही मलाच मिळालं. तुझी बायको बरी आहे ना? लेकीचे फ्रॉक आता आखूड झाले असतील. माप कळव, नवे बेतते.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. "फोन कापता येतो, पत्र निदान उघडावं तरी लागतं," असं दाजी म्हणाले. पोस्टमन माणूस, दुसरं काय म्हणणार!

तर खुशखबर अशी, की तू जोडून दिलेला कॉम्प्युटर गेले तीन आठवडे एकदाही बंद पडलेला नाही. सकाळी सुरू करते, दिवसभर त्यावर गणवेशांचे नमुने आखते, संध्याकाळी बंद करते. एका दिवसात चार इयत्तांचे नमुने झाले. मी इतकी खूश आहे की दाजींना दुपारचा चहासुद्धा न मागता मिळतो.

त्याआधी काय काय केलं ते ऐक. दुरुस्तीच्या दुकानातला माणूस येऊन कॉम्प्युटरचा डबा घेऊन गेला. तिथे दोन दिवस मजेत चालला. घरी आणला आणि पाऊण तासात पडदा काळा. मग मेमरीची पट्टी बदलली, वायर बदलली, भिंतीवरचं बटण बदललं. दाजींनी टेबल या भिंतीचं त्या भिंतीला नेलं. शेवटी मी माझ्या मापांच्या वहीत एक पान उघडलं आणि लिहू लागले: वार, वेळ, तेव्हा काय चाललं होतं. बाही आखताना गेला. कॉलर आखताना गेला. परत कॉलर. दाजी म्हणाले, "त्याला कॉलर आवडत नसेल."

पाच आठवड्यांनी पान वाचून पाहिलं, तर त्यात एकही रविवार नाही! आणि रविवारी तर मी सगळ्यात जास्त काम करते. आपल्या घरात रविवारी वेगळं असतं तरी काय? डोकं खाजवत खिडकीपाशी गेले, आणि दोरीवर वाळत घातलेली खोळ दिसली.

होय, खोळ. त्या डब्यासाठी मीच शिवलेली, फुलाफुलांची, आत कापूस भरलेली. धूळ जाऊ नये म्हणून. बटणापुरतं काजं, वायरींपुरती भोकं, बाकी अशी चापूनचोपून बसवलेली की सुई शिरणार नाही. डबा बंद पडायला लागला तेव्हा वाटलं, कुठून तरी धूळ जातेच आहे, म्हणून मागची उरलेली फटही शिवून टाकली. रविवारी ती धुवायला काढायची, तेवढा एक दिवस बिचारा मोकळा. बाकी सहा दिवस मी त्याला रजईत गुंडाळून कामाला जुंपत होते. तापला की बंद, गार झाला की चालू.

हसलास ना? हस. दाजी अजून हसताहेत.

पण हे कळलं तीन आठवड्यांपूर्वी, आणि पत्र लिहितेय आज. मधले दिवस धीर गोळा करण्यात गेले.

तू डबा टेबलावर ठेवलास त्या दिवशी बजावलं होतंस, "ताई, मागची जाळी झाकू नकोस हं, त्याला वारा लागतो." मी विसरले, असं लिहिणार होते. खरं नाही ते. खोळ शिवताना मला तुझं बोलणं आठवलं होतं. मनात म्हटलं, शिलाई मशीन मी आयुष्यभर झाकून ठेवलंय, हा कालचा पोर मला काय शिकवतो! आणि वर, डबा बंद पडायला लागल्यावर, मी तुझ्याच वर्कशॉपमध्ये येऊन, चष्मेवाला आणि शाळेतले क्लार्क उभे असताना, म्हणाले, "बहिणीला उरलेसुरले तुकडे जोडून दिलेस." एकेक भाग तू नवा, निवडून आणला होतास, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणाले. तू हातातला स्क्रू-ड्रायव्हर पुसलास आणि आत निघून गेलास.

परवा मी त्या दोघांना गाठलं. चष्मेवाल्याला सांगितलं, चूक माझी, भावाचं काम चोख होतं. तो म्हणाला, "ते मला माहीतच होतं, माझाही त्यानेच जोडलाय." क्लार्क म्हणाले, "असं काही झालं होतं का? मला नाही बुवा आठवत." घरी येताना मला रस्त्यातच रडू आलं. माझं ते बोलणं कुणीच खरं धरलं नव्हतं, लागलं ते फक्त तुला.

छोट्या, मी चुकले. मोठी असून चुकले.

आजवर काही बिघडलं की तुला हक्काने बोलवायची, आणि तू येऊन, दुरुस्त करून, जेवून जायचास. आता घरात काहीच बिघडलेलं नाही. मिक्सर चालतो, पंखा चालतो, कॉम्प्युटर तर झकास चालतो. बोलवायला काही कारण नाही.

तरी ये.

तुझं ऐकायला उशीर केलेली,
ताई