हळद लावू का?

बालाघाट
११ एप्रिल

चिरंजीव रजतराव यांस, सासूचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे सगळे खुशाल आहोत. तुमची खुशी आजोळी मजेत आहे. तिला पहिला दात आलाय आणि त्या एका दाताने तिने आजोबांचा चष्मा, पंचांग आणि मयुरीच्या लग्नाची पत्रिका, सगळ्यांची चव घेऊन पाहिली. पत्रिकेच्या कोपऱ्यावर तिचा दात उमटलाय. तीच प्रत तुम्हाला पाठवते आहे, लेकीची सही समजा. पौर्णिमा उद्या तिला घेऊन वाराशिवनीला परत येईल. हे पत्रही तिच्याच हाती देते आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "हां मम्मी, बोलिए" म्हणता, मागे दुकानात गिऱ्हाईक पंख्याचा भाव विचारत असतं, आणि मी "जेवलात का" एवढं विचारून ठेवून देते. असं दोन-तीनदा झालं. म्हणून आज लिहायलाच बसले. मराठीत लिहिते आहे ते पौर्णिमाच्या सांगण्यावरून. ती म्हणाली, "आई, हिंदीत लिहिलं तं ते मधातच जोक मारतात. मराठी त्यायले ध्यान देऊन आयका लागते." वाचताना अडलात तर ती वाचून दाखवेल. नाही अडलात तरी तीच वाचणार आहे, असं तिने ठरवलंय.

तर तयारी जोरात आहे. खैरलांजीहून चिन्नोर तांदूळ आला. तुमचे सासरे प्रत्येक पोत्यात नाक घालून वास घेतात आणि मान डोलावतात, जणू तांदूळ त्यांच्या वास घेण्यानेच शिजणार आहे. दुर्गाबाई, म्हणजे मुलींची आत्या, आपली उशी बगलेत मारून कधीच्या येऊन बसल्या आहेत. घराच्या मधोमध खाट टाकून त्या राज्य करतात. आमचे नवे जावई हेमराज परसवाड्याच्या शाळेत मास्तर आहेत, पण इतके लाजाळू, की मयुरी घरी असली की तिच्या फोनवर फोन करतात आणि मी उचलला तर "राँग नंबर" म्हणून ठेवतात. अहो, नंबर बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे, असं एकदा म्हणणार आहे मी.

मयुरी अजून बैहरला ड्युटीवर आहे. उन्हाळ्यात जंगलाला आग लागते, त्यामुळे वनरक्षकांना सुट्टी लवकर मिळत नाही. मागच्या महिन्यात मोहफुलं वेचणाऱ्या बायांच्या मागे रानडुक्कर लागलं. ही काठी आपटत समोर उभी राहिली. डुक्करच परत फिरलं. बाया आता तिला डुकरीणबाई म्हणतात आणि तिला त्याचा अभिमान आहे.

माझा डोळा छान आहे. पत्र चष्म्याशिवाय लिहिते आहे, ही तुमचीच कृपा. नागपूरला ऑपरेशनला तुम्ही नेलं, दवाखान्यातल्या बाकावर झोपलात, आणि दर वेळी थेंब टाकताना बाटली वर धरून विचारायचात, "मम्मी, डालूं?" मी हौ म्हटल्याशिवाय थेंब पडला नाही. मी ते सगळ्या नात्यात सांगितलं. पोटचा मुलगा सोबत असताना जावयाचं कौतुक करते म्हणून वसंता माझ्यावर चिडला होता. तुम्ही मला आवडता, रजतराव. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

दुसरंच सांगायचं आहे आणि मी तांदूळ निवडत बसले आहे.

आपल्या घरी मांडवाची पहिली डहाळी थोरला जावई बांधतो. वसंताच्या लग्नात जांभळीची डहाळी तुम्ही बांधलीत, मी तुम्हाला ओवाळलं. मयुरीच्या मांडवाला ती डहाळी तुम्ही बांधायची नाही.

का, ते तुम्हाला माहीत असावं. नसेल तर ते जास्तच वाईट. वसंताच्या हळदीत, मागच्या नळापाशी, तुम्ही दोन्ही हातांना हळद फासून मयुरीला मागून धरलंत. हळद तोंडाला लावतात, हातापायाला लावतात. तुमचे हात तिच्या तोंडाला लागलेच नाहीत. तुमचे पंजे तिच्या छातीवर उमटले. ती "जीजाजी, छोडिए" म्हणत होती, एकदा नाही. शेवटी तिने हळदीची परात लाथाडली तेव्हा तुम्ही सोडलंत, आणि दोन्ही हात वर करून मांडवाला म्हणालात, "साली तो आधी घरवाली." मांडव हसला. मी आत पुऱ्या तळत होते. हसणं ऐकलं आणि वाटलं, मांडव रंगला. मयुरी कपडे बदलून आली आणि रात्रीपर्यंत पंगतीत वाढत राहिली.

मग ती खुशीच्या बारशाला आली नाही, ट्रेनिंग आहे म्हणाली. दिवाळीत ड्युटी मागून घेतली. मी तिला माणूसघाणी म्हणायला लागले होते. लग्न ठरलं तर म्हणाली, कोर्टात करते. तुमचे सासरे संतापले, मी रडले, तेव्हा कुठे ती बोलली. "जीजाजीनं डहाळी बांधलेल्या मांडवात मले बसाचं नाही, आई. जंगलात मी डुकरापुढं उभी राह्यते. पण इथं त्यायच्यापुढं मले हसून उभं राहा लागते, ते नाही जमत."

मागच्या रविवारी ती आली होती. पौर्णिमाही होतीच. सगळे ओसरीवर बसलो आणि मी सगळ्यांसमोर विषय काढला. जे झालं ते जसंच्या तसं सांगते, कारण तुमच्या पाठीमागे झालं.

वसंता उठलाच. "हात तोडून ठेवतो त्याचे," म्हणाला. मयुरीने त्याला खाली बसवलं. "तू मारशील तं लोक तुयीच गोष्ट सांगतीन. माई राहूनच जाईन."

दुर्गाबाई खाटेवरून म्हणाल्या, "जीजा हाय थो. जीजा-सालीचं चालतेच. हात लागला तं पोरगी का झिजली का?"

"झिजली नाही, आत्या," मयुरी म्हणाली. "पण बारशाले तुमी गेल्या, मी नाही गेली. मंग काही तरी तं झालंच ना?"

तुमचे सासरे म्हणाले, रजतरावांना बोलवायचंच नाही, विषय संपला. मला ते पटलं नाही. तुम्ही नसलात तर चारचौघी पौर्णिमाला विचारतील, जावई काहून नाही आले, आणि खोटं तिला बोलावं लागेल. करायचं एकाने आणि मान खाली घालायची दुसरीने, हा कुठला न्याय?

त्या "आधी घरवाली" म्हणीचंही सांगते. मी मराठीत अशी म्हण आहे का ते पुष्कळ आठवून पाहिलं. नाही सापडली. आमच्या आजीच्या मराठीत साळी म्हणजे भात. मेहुणी ती मेहुणी, अर्धीमुर्धी काही नाही. हिंदीत आहे म्हणे, आणि हिंदी आपण सगळेच बोलतो. पण म्हण आहे म्हणून हक्क होतो का? "अति तिथं माती" हीसुद्धा म्हण आहे, ती त्या दिवशी कोणाला आठवली नाही.

मग मयुरी म्हणाली, "मले कोणी इचारान का, मले का पाह्यजे?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे तिचा न्याय करायला बसलो होतो आणि ती चहाचे कप उचलत होती. मी म्हटलं, सांग बाई.

तिला एवढंच हवं आहे. मांडवाच्या दिवशी, डहाळी बांधायच्या आधी, जे हसले होते ते सगळे बसलेले असताना, तुम्ही उभं राहून आपल्या तोंडाने सांगायचं. मी मयुरीला तिच्या मर्जीविरुद्ध हात लावला, ती सोडा म्हणत होती, मी सोडलं नाही, ती मस्करी नव्हती. चुकून म्हणायचं नाही. "बुरा लगा हो तो" म्हणायचं नाही. हसायचं नाही. पाया पडायचीही गरज नाही, ती म्हणाली, उलट पाया पडले की लोक तुमचंच कौतुक करतील. डहाळीचा मान या लग्नात तुम्हाला नाही. तुम्ही पंगतीत सगळ्यांसारखे बसाल, सगळ्यांसारखे जेवाल.

वसंता म्हणाला, एवढ्यावरच सुटला? मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मग मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं, आपल्या माणसांपुढे उभं राहून, आणि "मी सोडलं नाही" इथेच अडले. सोपं नाही ते, रजतराव. हात वर करून हसणं त्याहून फार सोपं होतं.

आणि हेही तिचंच वाक्य: "ठाण्याचा रस्ता मले माहीत हाय. थो मी सोडला नाही. त्यायनं नाही म्हटलं, का मले खोटं पाडलं, तं मी जाईन." ती गेली तर मी तिच्यासोबत जाईन. तुमचे सासरेही येतील, मी त्यांना विचारलं आहे. हे धमकी म्हणून लिहीत नाही. तुम्हाला नंतर कोणी दुसऱ्याने सांगण्यापेक्षा मी आधी सांगावं, एवढंच.

सगळे खुशीचं उदाहरण द्यायला लागले होते, उद्या तुमच्या लेकीला कोणी असं केलं तर वगैरे. मी ते लिहिणार नाही. मयुरी कोणाची लेक, कोणाची बहीण म्हणून हे लिहीत नाही. ती नाही म्हणत होती, बस. आणि तुम्हाला विचारता येत नाही असंही नाही. माझ्या डोळ्याला तुम्ही विचारत होतात.

आता थोडं हसण्यासारखं. मयुरीने या हळदीसाठी नियम केलाय. ज्याला हळद लावायची त्याला आधी विचारायचं, "लावू का?" नाही म्हटलं तर पुढच्या माणसाकडे वळायचं. तेव्हापासून घरात याचाच खेळ झालाय. तुमचे सासरे चहात साखर घालायच्या आधी कपाला विचारतात. दुर्गाबाईंनी तर त्याच रविवारी, मयुरी बैहरला परत जायच्या आधी, थट्टा करायची म्हणून तेलाची वाटी घेतली, हातावर तेल ओतलं आणि मयुरीच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "डोक्याले तेल लावू का व, डुकरीणबाई?" मयुरी म्हणाली, "नाही."

दुर्गाबाई ओंजळभर तेल घेऊन तशाच उभ्या. "नाही म्हंजे?"

"नाही म्हंजे नाही, आत्या. आजच केस धुतले."

पोरी खाटेवर लोळून हसल्या. तेल खाली सांडायला लागलं तसं दुर्गाबाईंनी ते स्वतःच्याच डोक्यावर थापलं. बराच वेळ केस चोळत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमाले कोणी इचारलंच नाही व माय." त्या दिवसापासून त्या मयुरीच्या बाजूने बोलतात. कालच त्यांनी शेजारणीला फोन करून नियम समजावला, आणि तो समजावताना त्या इतक्या ओरडल्या, की फोनची गरजच नव्हती.

डहाळी पौर्णिमा बांधणार आहे. तिनेच मागून घेतली. थोरल्या जावयाचा मान आला तो थोरल्या लेकीवरूनच ना, असं ती म्हणाली. परवा अंगणात स्टुलावर चढून तिने सराव केला. गाठ सुटली, डहाळी वसंताच्या डोक्यावर पडली. दुसऱ्यांदा पक्की बसली.

त्या रविवारी आमचं बोलणं चालू असताना ती खुशीचे कपडे घडी करत होती. सगळे उठल्यावर तिने मयुरीचा हात धरला, आणि मला म्हणाली, "आई, लिहा तुमी. मी वाचून दाखवीन. मी वाचताना ते कोणाकडं पाह्यतात, मले पाह्याचं हाय." तिच्या मनात काय आहे मला पुरतं कळलं नाही. माझी सगळी भीती तिथेच आहे. एका लेकीला मांडव देताना दुसरीचं घर हलू नये, म्हणून मी चार दिवस देवापुढे बसले. मग लक्षात आलं, घर हलवलं असेल तर ते मी नाही.

जावई रुसला तर त्याला मनवायला चार माणसं पाठवायची, नारळ-टोपी द्यायची, ही रीत तुम्हाला माहीत आहे. या वेळी कोणी येणार नाही.

मांडव सव्वीस तारखेला सकाळी. बोलायला येणार असाल तर या. मी दारात उभी राहीन, आणि बोलून झाल्यावर तुमच्या पानात पहिली पुरी मी स्वतः वाढीन. मला मनापासून वाटतं, तुम्ही यावं. नुसतं जेवायला येणार असाल तर येऊ नका. पौर्णिमा आणि खुशी येतीलच, त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.

एरवी तुम्हाला काही लिहिलं की खाली "तुमची मम्मी" लिहिते. आज ते हाताला येत नाही. सव्वीस तारखेनंतर पाहू.

मयुरीची आई,
पुष्पलता